नाकाला नाक

— निळी बादली लालशेजारी कुणी ठेवली?

— खोकला नव्हता तो. शिंक होती. मी तिथेच उभा होतो.

— थर्मामीटरला दोरा बांधलास ना? नाहीतर शोधत बसशील.

— आई असती तर तिने तुम्हाला घरात घेतलं नसतं.

— मिशी?

— अजून उबदार आहे मान. हात लावून बघता आला असता तर बरं झालं असतं तुला.

— काजळीला काही होणार नाही.

— चष्मा द्या इकडे.

०

डॉक्टर: नको, खुर्ची नको. बसले तर उठणार नाही. उभ्यानेच सांगते. तांबडीलाही तेच आहे.

मुलगी: गाठ?

डॉक्टर: जबड्याखाली, डाव्या बाजूला. अजून कच्ची आहे. पिकेल, मग फुटेल. नाकातून पिवळं यायला लागलंय, ते तू बघितलंच असशील.

मुलगी: सकाळी नव्हतं.

डॉक्टर: सकाळी ताप होता?

मुलगी: होता.

डॉक्टर: मग तेच. आधी ताप, मग नाक. म्हणून तर तुला दोन्ही वेळा ताप बघायला सांगितलं. आधी म्हातारा, मग ढोल्या, आता तांबडी. चार घोड्यांत राहिली एकटी काजळी, आणि ती गाभण.

मुलगी: माहीत आहे मला कोण राहिलंय.

डॉक्टर: चिडू नकोस.

मुलगी: चिडायला अंगात काही उरलंय का माझ्या? तू सांग ना, काय राहिलं माझ्याकडून? लाल बादल्या आजाऱ्यांच्या, निळी काजळीची. तोबरे उकळले. खरारे उकळले, त्यांचे दातच गळून पडले. मुलांची घोडेस्वारीची शिकवणी बंद. फाटकाला कुलूप. म्हाताऱ्याला पार मागच्या शेडमध्ये नेऊन बांधलं. तू दिलेल्या त्या औषधाच्या पाण्यात बूट बुडवून बुडवून माझी बोटं सोलली. मोतद्दाराला घरी पाठवलं.

डॉक्टर: त्याला कशाला?

मुलगी: दुपारचा तो पुलापलीकडच्या तबेल्यात जातो. तिथे आधीपासून साथ आहे. मी म्हटलं, तूच घेऊन आलास, आता येऊ नकोस.

डॉक्टर: असं म्हणालीस?

मुलगी: यापेक्षा वाईट म्हणाले.

डॉक्टर: तो जाऊन किती दिवस झाले? बरेच झाले ना? आणि तांबडी आज पडली. त्याच्याकडून आली असती तर तिची गाठ एव्हाना फुटून वाळली असती. पहिल्यांदा कुणी आणली ते मला माहीत नाही, तुलाही नाही कळणार. पण आता ती तुझ्या कुंपणाच्या आत फिरतेय. म्हातारा मागच्या शेडमध्ये, ढोल्या मधल्या ठाणात, तांबडी त्या टोकाला. घोडे काही एकमेकांना भेटत नाहीत. मग कोण भेटतंय?

मुलगी: कुणीच नाही. मी आणि बाबा. बास.

डॉक्टर: आणि तुम्ही दोघं हात धुता.

मुलगी: सारखे. बाबा तर आता पोळी खाताना सुद्धा साबणाचा वास येतो म्हणतात.

बाबा: कोण नाव घेतंय माझं? डॉक्टरीणबाई, चहा टाकलाय, घेतल्याशिवाय सोडणार नाही. चेहरा बघा काय झालाय तुमचा. तुम्हालाच टोचायला पाहिजे एक सुई.

डॉक्टर: टोचा काका. झोपेची टोचा.

बाबा: आमचं सरकार काय म्हणतंय? फर्मान निघालं का नवीन?

मुलगी: तांबडीला पण झालं, बाबा.

बाबा: ...तांबडीला?

मुलगी: हो.

बाबा: सकाळी बोलली की माझ्याशी. जरा गरम लागली, पण बोलली.

मुलगी: चष्मा द्या इकडे. काही दिसतंय का त्यातून? लहानपणापासून तुमचा चष्मा पुसतेय, एक दिवस स्वतः पुसाल तर... हे काय लागलंय? चिकट आहे.

डॉक्टर: थांब. पुसू नकोस. बघू.

मुलगी: काय झालं?

डॉक्टर: रोज अशीच पुसतेस? शर्टाच्या टोकाने?

मुलगी: मग? रुमाल शोधायला वेळ असतो का?

डॉक्टर: आणि तोच शर्ट घालून काजळीचा ताप बघायला जातेस.

मुलगी: अगं पण...

डॉक्टर: काका, या काचेवर हे काय आहे?

बाबा: काय असणार, सकाळचंच असेल. सगळ्यांना भेटून आलो.

डॉक्टर: भेटून म्हणजे?

बाबा: भेटून म्हणजे भेटून. तुम्ही माणसं भेटल्यावर काय करता?

डॉक्टर: ए, भेटून म्हणजे काय?

मुलगी: नाकाला नाक लावतात. घोड्याच्या. हळूच श्वास सोडतात त्याच्या नाकपुडीत, मग तो यांच्या तोंडावर सोडतो. रोज सकाळी, रांगेने, प्रत्येकाला. मग दिवस सुरू.

डॉक्टर: आणि हे तू मला आज सांगतेस.

मुलगी: ते... ते रोजचंच आहे गं. मला कळायला लागल्यापासून चाललंय. ते काय काम आहे का सांगायला? बाबा श्वास घेतात हे सांगितलं का मी तुला?

बाबा: अहो पण मी हात धुतो! कोपरापर्यंत. प्रत्येक ठाणाच्या दारात धुतो. विचारा हिला.

डॉक्टर: हात धुता हो. मिशी?

बाबा: मिशी?

डॉक्टर: मिशी. नाक. गाल. चष्मा. मागच्या शेडमध्येही जाता सकाळी?

बाबा: आधी तिथेच जातो. आजारी माणसाला आधी भेटायचं नाही का?

मुलगी: अरे देवा.

बाबा: नाही, पण हे बघा. माझे वडीलही असंच करायचे. घोडा डोळ्याने ओळखत नाही, श्वासाने ओळखतो. सकाळी एकदा श्वास दिला की दिवसभर लाथ मारत नाही. एवढी वर्षं मला एकदाही...

मुलगी: बाबा.

बाबा: एकदाही लाथ नाही.

मुलगी: बाबा, काजळीला भेटलात का? आज, काल, परवा?

बाबा: सगळ्यांना भेटतो मी. सांगितलं ना, रांगेने.

मुलगी: म्हणजे तिलाही.

बाबा: सगळ्यांना म्हणजे सगळ्यांनाच ना. चहा उतू जातोय वाटतं.

०

डॉक्टर: नीट ऐका दोघांनी, मी दोनदा सांगण्याच्या अवस्थेत नाही. अंगणाच्या मधोमध दोरी बांधायची. तिकडे तीन आजारी, इकडे काजळी. तिकडचं माणूस तिकडेच राहील, जेवेल, झोपेल. इकडचं इकडे. मध्ये कुणी ये-जा करायची नाही. एकदा गेलं की साथ संपेपर्यंत गेलं.

मुलगी: मी जाते तिकडे.

डॉक्टर: आणि काजळीचं बाळंतपण?

मुलगी: बाबा करतील. माझ्यापेक्षा जास्त शिंगरं काढलीत त्यांनी.

डॉक्टर: काकांच्या अंगाखांद्यावर आत्ता काय काय आहे ते तुला माहीत आहे.

मुलगी: माझ्या शर्टावर पण आहे.

डॉक्टर: शर्ट जाळ. केस धू. काकांनी मिशी धुतली तरी उद्या सकाळी त्यांना आठवण राहील का, ते सांग.

बाबा: मी इथेच उभा आहे हो. गेलो नाही अजून.

डॉक्टर: माफ करा काका. पण राहील का?

बाबा: नाही राहणार. पाय आपोआप जातात. अर्धा जागा झालो की मी कुणाच्या तरी दारात असतो.

मुलगी: तुमचे गुडघे बघा बाबा. शेडमध्ये खाट टाकून झोपणार? पत्रा तापतो दिवसभर, रात्री गार पडतो.

बाबा: म्हातारा झोपतोच ना तिथे?

मुलगी: तो घोडा आहे.

बाबा: आमच्यात फारसा फरक राहिलेला नाही आता. डॉक्टरीणबाई, एक विचारू? तिकडे जे आहेत ते आधीच आजारी आहेत.

डॉक्टर: हो.

बाबा: मग त्यांना भेटलो तर चालेल? नाकाने?

डॉक्टर: ...त्यांना भेटलात तर काही बिघडत नाही काका.

बाबा: मग माझी पिशवी भर गं. जाड पांघरूण दे. इकडे राहिलो तर तुम्ही मला बांधूनच ठेवाल.

०

मुलगी: डबा उलट्या बादलीवर ठेवलाय. मी मागे सरकले की घ्या.

बाबा: कैद्याला देतात तसं. ताप?

मुलगी: ठीक आहे काजळीला. तिकडे?

बाबा: ढोल्याची गाठ फुटली. केवढी घाण निघाली म्हणून सांगू. पण लगेच दाण्यात तोंड घातलं त्याने. भूक आहे पोटात, वाचणार तो. तांबडी रुसून उभी आहे. म्हातारा काही बोलत नाही.

मुलगी: खातो का?

बाबा: पाण्यात भिजवून भिजवून देतोय. गिळताना आवाज येतो. डबा काय आहे?

मुलगी: कालचंच.

बाबा: काल पण कालचंच होतं.

मुलगी: मग आज पण.

०

मुलगी: मोतद्दाराला फोन केला.

बाबा: शिव्या दिल्यास परत?

मुलगी: माफी मागितली.

बाबा: काय म्हणाला?

मुलगी: आधी मागे रडणाऱ्या पोराला गप्प केलं. मग म्हणाला, ताई, साथ संपली की येतो, पण मोठ्या साहेबांना सांगा, मला मिठी मारायची नाही.

बाबा: मी कधी मारली मिठी त्याला?

मुलगी: दर पगाराला.

०

बाबा: आज बोलशील ना थोडं?

म्हातारा: ...

बाबा: काल माझी बोलायची पाळी होती, मी बोललो. आज तुझी.

म्हातारा: ...

बाबा: बरं, राहू दे. मीच बोलतो. पोरीला ओरडू नकोस तू, हां. ती तुला इथे टाकून गेली असं वाटत असेल तुला. तसं नाही ते. तुझ्या पाठीवर बसायला शिकली ती. आधी पडली किती वेळा! आणि पडली की तू थांबायचास. मान वळवून बघायचास, लागलं का म्हणून. दुसरा घोडा असता तर पळाला असता.

म्हातारा: ...

बाबा: हं. नाक आण इकडे. शिट्टी वाजते रे तुझ्या घशात. मलाही वाजते, सकाळी.

म्हातारा: ...

०

मुलगी: तिचं अंग गरम आहे.

डॉक्टर: किती?

मुलगी: वर आहे. एकोणचाळीसला टेकलंय. मी पुन्हा घेतलं. पुन्हा तेच आलं. तू ये.

डॉक्टर: ऊन कुठे आहे तिच्या ठाणात?

मुलगी: काय?

डॉक्टर: ऊन, ऊन. दुपारी उन्हं थेट तिच्या पाठीवर येतात ना त्या खिडकीतून? गोणपाट लाव. पाणी दे. जरा थांबून परत बघ. नाक?

मुलगी: कोरडं आहे.

डॉक्टर: जबडा?

मुलगी: काही नाही. की आहे? मला आता सगळीकडे गाठी लागतात हाताला. माझ्या स्वतःच्या गळ्याला पण लागल्या काल.

डॉक्टर: त्या सगळ्यांना असतात. झोपलीस का तू?

मुलगी: तू झोपलीस का?

डॉक्टर: मी गाडीत बसून बोलतेय. डोळे मिटूनच. गोणपाट लाव, मग फोन कर.

०

बाबा: काय झालं? गोणपाट कशाला नेतेस धावत?

मुलगी: काजळी गरम लागतेय.

बाबा: काजळीला काही होणार नाही.

मुलगी: तुम्हाला काय माहीत?

बाबा: माहीत आहे.

मुलगी: कसं माहीत आहे? काय बघितलंत तुम्ही तिथून?

बाबा: ...घोड्यांच्या माणसाला कळतं.

मुलगी: म्हाताऱ्याचं कळलं होतं? ढोल्याचं कळलं होतं? रोज नाक लावून विचारत होतात ना सगळ्यांना, बरं आहे का, बरं आहे का! तुमच्या विचारण्यानेच पडले ते, बाबा. तुमच्या लाडाने पडले. मी बादल्या उकळत बसले आणि तुम्ही मागून... माझं शिंगरू जाणार आहे तुमच्या लाडाने.

बाबा: गोणपाट लाव आधी. ऊन वाढतंय.

०

मुलगी: उतरला.

बाबा: अं?

मुलगी: ताप. उतरला तिचा. ऊनच होतं.

बाबा: बरं.

मुलगी: दुपारचं मी जे बोलले ते...

बाबा: आज डबा वेळेवर आला. तेवढं पुष्कळ आहे.

मुलगी: बाबा, मी म्हणजे...

बाबा: अगं, खरंच बोललीस. त्यात काय. मला एवढंच वाटतं, ते त्यांना कुणी सांगू नये. त्यांना वाटतंय मी भेटायला येत होतो.

०

डॉक्टर: काका, मला जे दिसतंय ते सांगते. बाकीच्या दोघांच्या गाठी बाहेर फुटल्या, म्हणून ते सुटले. याची आत आहे, घशाच्या मागे. ती आतच फुटली तर सगळं छातीत जाईल. घशाला भोक पाडून नळी बसवू शकते मी. श्वास मोकळा होईल.

बाबा: आणि मग?

डॉक्टर: तरुण असता तर मग बरा झाला असता.

बाबा: आणि हा?

डॉक्टर: हा तरुण नाही.

बाबा: तुमचे डोळे मिटतायत डॉक्टरीणबाई.

डॉक्टर: पुलापलीकडून आले आत्ता. तिथेही हेच चाललंय. तुमच्यासाठी कपडे बदलले, अंघोळ केली, परत आले. डोळे तेच आहेत, काय करू.

बाबा: उद्यापर्यंत थांबलो तर?

डॉक्टर: त्याला त्रास होईल. पाय फाकवून उभा आहे बघा, मान ताणून. हवा ओढतोय.

बाबा: हं.

डॉक्टर: नळी की शेवटची सुई, तुम्ही सांगाल तसं करते. तुम्ही सांगा.

बाबा: पोरीला विचारायला पाहिजे. घोडा तिचा आहे.

०

मुलगी: मी येते.

बाबा: तिथेच थांब.

मुलगी: मला त्याच्याजवळ यायचंय बाबा. दोनच मिनिटं. मास्क लावते, रेनकोट घालते, नंतर सगळं जाळते.

बाबा: काजळीच्या सडांवर मेण आलंय म्हणालीस ना सकाळी?

मुलगी: आलंय.

बाबा: दूध गळतंय?

मुलगी: थेंब थेंब.

बाबा: मग आज उद्यात व्यायची ती. इकडे आलीस तर परत जाता येणार नाही तुला. शिंगरू अडकलं तर कोण काढणार? ही डॉक्टरीण काढेल? हिच्याकडे बघ, हिलाच कुणीतरी धरायला पाहिजे.

मुलगी: त्याने मला शिकवलं बाबा.

बाबा: माहीत आहे. मीच उचलून बसवलं होतं तुला त्याच्यावर.

मुलगी: तो बघतोय का माझ्याकडे?

बाबा: बघतोय. कान तुझ्याकडे आहेत.

मुलगी: खोटं बोलताय.

बाबा: एक कान. दुसरा माझ्याकडे.

मुलगी: ...करा मग.

बाबा: नीट सांग. मला पुन्हा विचारायला लावू नकोस.

मुलगी: डॉक्टरला म्हणावं, करा. आणि तुम्ही त्याच्या नाकाशी थांबा.

बाबा: मी काय सोडून जातोय. तिथेच आहे मी.

(दोरीपलीकडे डॉक्टर सुई भरते, म्हाताऱ्याच्या मानेत टोचते.)

मुलगी: झालं?

बाबा: झालं.

मुलगी: त्रास?

बाबा: नाही. माझ्या तोंडावर एक मोठा श्वास सोडला, आणि मग काही नाही. अजून उबदार आहे मान. हात लावून बघता आला असता तर बरं झालं असतं तुला.

मुलगी: तुम्ही लावा. माझ्या वतीने.

बाबा: लावला. काही दिसत नाहीये गं मला. चष्मा पुसायला इथे कुणी नाही.

मुलगी: शर्टाने पुसा.

बाबा: शर्टाने मला पुसता येत नाही. कधी शिकलोच नाही.

मुलगी: काच दोन बोटांत धरायची. आधी वाफ सोडायची तोंडाने. मग गोल गोल. दाबायचं नाही.

बाबा: असं?

मुलगी: असंच. आता दुसरी.

०

मुलगी: बाबा! बाबा, उठा!

बाबा: उठलोच आहे. काय?

मुलगी: झालं. उजाडता उजाडता झालं. पाय आधी आले, मग नाक. मला काही करावंच लागलं नाही. मी नुसती उभी होते.

बाबा: उभं राहिलं का?

मुलगी: पडलं, उठलं, पडलं. आता उभं आहे. चार दिशांना चार पाय. दूध शोधतंय, पण भिंतीला लुचतंय.

बाबा: शोधू दे. सापडेल. काजळी?

मुलगी: चाटतेय त्याला. ताप नाही. नाक कोरडं. रंग तिच्यासारखाच काळा, कान मात्र तुमच्यासारखे.

बाबा: बिचारं.

मुलगी: तुम्हाला कधी दाखवू? दोरीपाशी आणायचं नाही म्हणाली डॉक्टर.

बाबा: नको आणूस. इथून ऐकू येतंय. फुरफुरलं ना आत्ता?

मुलगी: हो.

बाबा: तेच ऐकलं मी. तू भेटलीस का त्याला?

मुलगी: नाकाने? नाही.

बाबा: चांगलं केलंस.

मुलगी: तोंड अगदी जवळ नेलं होतं. त्याने केली होती मान पुढे. मग मागे झाले.

बाबा: चांगलं केलंस म्हटलं ना. जा, झोप जरा.

०

डॉक्टर: ढोल्या आणि तांबडी, दोघांच्या नाकातून नमुने घेतलेत. वरून बरे दिसतात, पण आत राहतं ते कधी कधी. तीनदा कोरा निकाल आला की दोरी सोडा. त्याआधी नाही.

बाबा: तोवर शिंगरू धावायला लागेल.

डॉक्टर: धावू दे. आणि काका, ही तुमची... काय केलंत हे?

बाबा: काढली. सकाळी ढोल्याच्या पाण्यात तोंड बघून काढली.

डॉक्टर: वेगळेच दिसताय.

बाबा: तांबडी बिचकली मला बघून. वास घेतला तेव्हा कुठे थांबली. हिच्या आईने तर ओळखलंच नसतं.

मुलगी: आई असती तर तिने तुम्हाला घरात घेतलं नसतं, मिशी असो नसो. घोड्याचा शेंबूड घेऊन आत यायचं नाही, म्हणायची. दारात गरम पाण्याची कळशी ठेवायची.

बाबा: ठेवायची. तोंड धुवून घ्यायची माझं. बळंच.

डॉक्टर: म्हणजे या घरात एका माणसाला माहीत होतं तर.

मुलगी: तिला साथीचं काही माहीत नव्हतं. तिला फक्त घाण वाटायची.

डॉक्टर: चालतं तेही. चहा आहे का कुणाकडे? दोरीच्या कुठल्याही बाजूचा चालेल.

०

बाबा: झाली एकदाची खाट लावून. दोरी आजच बांधली, पहिलाच दिवस आपला इथे. सवय होईल. तू तिकडे तोंड करून झोप, मी इकडे. नाक आण आधी. हं. आता कितीही भेटलो तरी कुणी ओरडणार नाही.

म्हातारा: ...

बाबा: एक सांगू? कुणाला बोलू नकोस. डॉक्टरीणबाई समोर उभी होती म्हणून खरं बोलता आलं नाही मला. माझं सगळं आयुष्य घोड्यांत गेलं, आणि त्या बाईसमोर कसं सांगू, की घरचीच घोडी मला विचारत नाही?

म्हातारा: ...

बाबा: काजळी गाभण राहिल्यापासून मला जवळ येऊ देत नाही. रोज जातो, रोज पाठ फिरवते. पावसाळ्यापासून मी तिला भेटलेलोच नाही.